हे की, मिलान झाले

ताई,

एखाद्या भाषेचा शेवटचा वाचक गेला की त्या भाषेत लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. तुला जाऊन तीन आठवडे झाले, आणि अशी एक भाषा जगातून नाहीशी झाली.

हे वाक्य मी तुझ्या शोकसभेसाठी तयार केलं होतं. म्हटलं नाही, कारण ते खरं नाही. त्या भाषेची अक्षरं इंग्रजी होती आणि शब्द मराठी. तिचा जन्म आपल्या समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये झाला, आणि त्याला कारण मी होतो. शिवाय कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली बसणाऱ्या टायपिस्टांपैकी निदान चौघांना ती वाचता आली असती. त्यांना कोणी विचारलं नाही, एवढंच.

शोकसभा बालाघाटच्या मराठी मंडळाच्या सभागृहात झाली. हार एवढा मोठा होता की फोटोत तुझा फक्त चष्मा दिसत होता. अध्यक्षांनी तुला मृदुभाषी म्हटलं. मी सभागृहात नजर फिरवली, तर तुझ्या ऑफिसातले तीन जण मान खाली घालून हसू आवरत होते. दुसऱ्या वक्त्यानं तुझ्या मूक साधनेचा उल्लेख केला. तुझं टायपिंगचं मशीन ज्यांनी ऐकलं आहे त्यांना ठाऊक आहे की तुझ्या साधनेत मूक असं काही नव्हतं. बैहरच्या तहसील कचेरीत तू होतीस तेव्हा लोक म्हणत, साहेब आहेत का हे बघायला आत जावं लागतं, शकुन मॅडम आहेत का हे रस्त्यावरूनच कळतं.

शेवटी मंडळानं ठराव केला की तुझं लिखाण पुस्तिका म्हणून छापायचं. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी पण वाजवल्या. खरं सांगायचं तर सगळ्यात जोरात मीच वाजवल्या.

आपलं मूळ भांडण त्या लिखाणापेक्षा पुष्कळ जुनं आहे. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो आणि पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होतो, जिल्ह्यातल्या जुन्या मालगुजारीवर, म्हणजे जमीन महसुलाच्या पद्धतीवर, हिंदीत. तोच प्रबंध, ज्याच्या चौथ्या अध्यायाला परीक्षकांनी 'मौलिक' म्हटलं आणि ज्याची ही गोष्ट मी अनेकांना अनेकदा सांगितली आहे. माझं अक्षर लोकांना लागत नाही, तुला लागायचं. म्हणून दिवसभर सरकारी कागद बडवून घरी आल्यावर तू माझी पानं टाइप करायला बसायचीस. एकदा जेवताना तू म्हणालीस की तिसऱ्या अध्यायात मी जे म्हणतो ते काही पटत नाही. मी म्हणालो, टायपिस्टनं वाचायचं नसतं, टाइप करायचं असतं.

तू भात कालवत होतीस. "बरं, मास्तर," म्हणालीस. त्यानंतर तीस वर्षं माझ्या कुठल्याही लिखाणाबद्दल तू एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, पटलं तुला.

तू निवृत्त झालीस तेव्हा ऑफिसनं तुला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मशीन दिलं नाही, ते सरकारी होतं. महिनाभर तू घरात अशी वावरलीस की जणू कोणी तुझे हात काढून घेतले आहेत. जेवायला बसलीस तरी ताटाच्या कडेवर बोटं चालायची. मग माझ्या मुलानं नागपूरहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला, खरं म्हणजे माझ्यासाठी. त्यात अठ्ठ्याण्णव सालचं विंडोज होतं. मी तीन दिवस माउसशी झटत होतो. चौथ्या दिवशी तू कोर्टासमोरच्या शेडमधून एक फ्लॉपी घेऊन आलीस, हिंदी अक्षरांची. ती अक्षरं तुझ्या जुन्या मशीनच्याच कळांवर बसत होती. तू खुर्ची पुढे ओढलीस, मनगटं सैल केलीस, आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटर तुझा झाला. मला तो रविवारी मिळायचा, तोही विचारून.

तू काय टाइप करतेस हे मी विचारलं नाही. पेन्शनचे अर्ज असतील, मोहल्ल्यातल्या बायकांची कामं असतील असं धरून चाललो. इतिहासाचा माणूस होतो मी, आणि माझ्या घरात रोज दोन तास जे लिहिलं जात होतं ते चार वर्षं उलटून पाहिलं नाही.

मग मला नवीन विंडोज हवं झालं. गरज काही नव्हती. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडे एक्सपी आलं होतं आणि तो उठताबसता त्याचं नाव घेत होता. त्याच्या पडद्यावर एक हिरवंगार टेकाड आणि निळं आभाळ होतं. आपल्या पडद्यावर राखाडी पट्टी. आपलं मशीन अधूनमधून अडकायचं हे खरं, पण तू त्याला बंद करून चालू करायचीस आणि तेवढ्यात चहा टाकायचीस. तुझं म्हणणं एवढंच होतं: "चालून राह्यलं ना, मास्तर. काहून हात लावून राह्यला त्याले?" मी तुला सुधारणेवर, काळाबरोबर चालण्यावर एक छोटं व्याख्यान दिलं. लोकांच्या भाषणांना नावं ठेवण्यात ज्याचा जन्म गेला त्यानं ते दिलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

बिसेनभाऊ आले. त्यांनी बालाघाटचे निम्मे रेडिओ आणि नंतर निम्मे टीव्ही उघडले होते, आणि आता कॉम्प्युटर उघडत होते. त्यांनी आधी डब्याला हळदीकुंकू लावलं, उदबत्ती कुठे खोवता येईल ते शोधलं, आणि सीडी ड्रॉवरमध्ये ठेवताना बूट काढले. मी कपाळाला हात लावला. मग तुला बोलावलं, शेजारच्यांना बोलावलं, आणि सगळे उभे राहून बघू लागलो, म्हणजे उद्घाटनाला जे काही लागतं ते सगळं झालं, फीत सोडून.

बिसेनभाऊ तुझ्याकडे वळून म्हणाले, "मैडमजी, फॉर्मेट मारना पड़ेगा. बैकअप है ना?"

तू म्हणालीस, "तीन प्रती हायेत. मारा फॉर्मॅट. डावीकडून दीड इंच सोडजा."

बिसेनभाऊंच्या लेखी फॉर्मॅट मारणं म्हणजे डब्यातलं सगळं पुसणं, त्यामुळे त्यांना वाटलं तू थट्टा करतेस. ते हसले आणि कळ दाबली. मी पण हसलो, कारण ते हसले. तू मात्र हसत नव्हतीस. चौतीस वर्षं तू ज्या ऑफिसांत काम केलंस तिथे फॉर्मॅट म्हणजे अर्जाचा नमुना, आणि तो मारायचा म्हणजे समास सोडून, विषय मध्ये घेऊन, कागद देखणा करायचा. तुला वाटलं, हे नवीन विंडोज तुझी सगळी पानं नीट मांडून देणार आहे. तू खूश होतीस. उभ्या असलेल्या सगळ्यांमध्ये त्या उद्घाटनावर मनापासून खूश असलेली तू एकटीच होतीस.

तासाभरानं हिरवं टेकाड आलं. बिसेनभाऊंनी पेढे वाटले. तू टेकाडाकडे बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "बैहरच्या रस्त्यावर असंच हाय. फक्त त्याले झाडं हायेत."

तुझ्या तीन प्रती म्हणजे तीन फ्लॉप्या. एक ऑफिस, एक पक्षकार, एक फाइल. घरात ऑफिस नव्हतं आणि पक्षकारही नव्हता, पण कार्बनच्या सवयीनं तू प्रत्येक गोष्ट तीनदा साठवायचीस, आणि म्हणून तुझं लिखाण वाचलं. पहिली फ्लॉपी घातली, फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा ढीग आला. दुसरी घातली, तोच ढीग. तिसरी घातली.

मला अजून तुझा चेहरा आठवतो, ताई. तू चष्मा काढून पदरानं पुसलास आणि परत लावलास, जणू दोष काचेचा आहे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते पेन्शनचे अर्ज नव्हते.

मी ताबडतोब तज्ज्ञ झालो. ढिगाकडे बघून जाहीर केलं की हा व्हायरस आहे, आणि पुरावाही दिला: दर परिच्छेदाच्या सुरुवातीला आकडा आणि मग तीच चार अक्षरं, जी, एस, डी, एच. माणूस असं लिहीत नाही, असं म्हणालो. बिसेनभाऊंनी मान हलवली आणि तीनही फ्लॉप्या खराब ठरवल्या. ते पेढ्याचा रिकामा पुडा घेऊन गेले.

तू खुर्ची ओढून बसलीस. किबोर्डला हात लावला नाहीस. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवलेस आणि पडद्याकडे बघत बोटं हलवायला लागलीस. डावं, डावं, डावं, उजवं. मग हळू आवाजात म्हणालीस, "हे की."

मी विचारलं, काय?

"जी म्हणजे ह. एस म्हणजे मात्रा. डी म्हणजे क, एच वेलांटी. हे की." तू पुढच्या ओळीवर गेलीस, बोटं टेबलावर चालत राहिली. "सी, के, वाय, के, प्रश्नचिन्ह, के, के, मोठा व्ही. बालाघाट."

मला वाटलं तुला पाठ आहे. म्हणून मी मुद्दाम मधलं एक पान काढलं, मधल्या ओळीवर बोट ठेवलं. तू टेबलाच्या कडेवर टाइप केलीस आणि वाचून दाखवलीस. डोळ्यांना इंग्रजी दिसत होतं, बोटांना मराठी. डोळ्यांचं तू ऐकलंस असं मला आयुष्यात फारसं आठवत नाही.

गंमत एवढीच होती की कॉम्प्युटर फक्त कोणती कळ दाबली ते लक्षात ठेवतो. तिच्यावर मराठी रूप चढवण्याचं काम फॉन्टचं, म्हणजे तुझ्या त्या फ्लॉपीतल्या अक्षरांचं. फॉर्मॅट मारल्यावर ती अक्षरं पुसली गेली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. तू वाचायचं, मी लिहून घ्यायचं असं ठरलं. रोज जेवणानंतर बसायचो, ऊन उतरेपर्यंत. एकोणीस दिवस लागले. एकोणीस दिवस मी तुझा टायपिस्ट होतो, आणि टायपिस्टनं वाचायचं नसतं हे एकदाही मला आठवलं नाही.

'हे की' म्हणजे काय ते ज्यांनी हिंदीतला शपथपत्राचा कागद पाहिला आहे त्यांना सांगायला नको. त्यात प्रत्येक परिच्छेद 'यह कि' नं सुरू होतो. यह कि प्रार्थी ग्राम अमुकचा निवासी आहे, यह कि प्रार्थीचं असं असं म्हणणं आहे. तू जन्मभर लोकांची 'यह कि' टाइप केलीस. लोक समोर उभे राहून एक बोलायचे, साहेब दुसरं सांगायचे, तू ते टाइप करायचीस. आणि निवृत्त झाल्यावर तू, आकडे घालून, आपल्या मराठीत, लोक खरं काय बोलले होते ते लिहायला बसलीस.

चौथा परिच्छेद मला वहीत न बघता येतो. हे की किरनापूरकडची एक म्हातारी आंब्याच्या झाडाच्या वादात आली होती. साहेबांनी विचारलं झाड कोणाचं, तर ती म्हणाली, झाड कोणाचंच नाही, सावली माही हाय, दुपारी मी तिथं बसतो. कागदावर तू टाइप केलं होतंस की उक्त वृक्षावर प्रार्थियेचा पुश्तैनी, म्हणजे वडिलोपार्जित, कब्जा आहे. दोन्ही वाक्यं तू एकाखाली एक ठेवली होतीस आणि पुढे काही लिहिलं नव्हतंस.

मी वहीत 'बसते' लिहिलं. तू थांबवलंस. आपल्याकडे बायकाही बसतो म्हणतात आणि ती बसतो म्हणाली होती. मी म्हणालो, वाचणाऱ्यांना चूक वाटेल. तू म्हणालीस, मग त्याइले वाटू दे.

अकरावा उकव्याच्या एका माणसाचा. खाणीत कामाला होता, वयाची नोंद करायची होती. तो म्हणाला, उकव्याले पहिली बस आली तवा मी तिच्यामागं पळत गेलतो आणि मले दम लागला नव्हता, आता तुम्हीच काढा. नोंद झाली लगभग पचपन वर्ष. सतरावा एका साहेबांचा, ज्यांना श आणि ष यांतला फरक माहीत नव्हता. त्यांची बदली होईपर्यंत तू हे त्यांना कळू दिलं नाहीस, फक्त कागद बरोबर जात राहिले. आणि तो घाटातला, जीप बंद पडली तेव्हाचा, ज्यात तू पंचनामा जीपच्या बॉनेटवर मशीन ठेवून टाइप केलास. पंचनामा झाला, सह्या झाल्या. फक्त बॉनेट तापलं होतं त्यामुळे तिसरी प्रत डागाळली, आणि त्याबद्दल तू शपथपूर्वक दिलगिरी व्यक्त केली होतीस, पंचवीस वर्षांनी.

मी किती पुस्तकं वाचली आहेत याचा मी कधी फार आव आणला नाही असं मला वाटतं. तुझं मत वेगळं होतं. पण त्या एकोणीस दिवसांत मला पुनःपुन्हा जाणवलं की माणसाचं बोलणं एवढं स्वच्छ धरलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे, आणि ते आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नव्हतं. हे मी तुला म्हणालो नाही. म्हणालो ते असं, की 'मले' चं 'मला' करू या.

ते भांडण अजून मिटलेलं नाही. मी दर वेळी 'मला' लिहायचो आणि तू दर वेळी ऐकू आल्यासारखी थांबायचीस. मग तू मला दाखवलंस. मला म्हणजे ई, वाय, के. मले म्हणजे ई, वाय, एस. एका कळीचा फरक. के उजव्या हाताला, एस डाव्या. "तुवा नागपूरले जाऊन उजवा हात केला, मास्तर," तू म्हणालीस. "माहे दोन्ही हायेत." नागपूरला शिकायला मी कसा गेलो, कोणाच्या बोटांच्या कमाईवर गेलो, ते तू त्यात धरलं नाहीस. धरलं असतंस तर मला उत्तर सोपं गेलं असतं.

दर दिवसाच्या शेवटी मिलान व्हायचं. हा शब्द तू ऑफिसातून आणला होतास: मूळ कागद एकाच्या हातात, नक्कल दुसऱ्याच्या, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं खूण करायची. मी वहीतून वाचायचो, तू पडद्यावर बोटांनी ताडून बघायचीस. माझे 'मला' पकडले जायचे. पानाखाली तू सही करायचीस, मिलान झाले. माझ्या आयुष्यात माझ्या लिखाणाची एवढी कसून तपासणी झाली नाही. परीक्षकांनीही केली नव्हती.

एकदाच अडलं. चाळीसनंतर तू बेचाळीसवर गेलीस. मी म्हणालो, एक्केचाळीस राहिला. पडद्यावर तो होता, जी एस डी एच मलाही आता ओळखता येत होतं, आणि त्या एका परिच्छेदात ते पाच-सहा वेळा दिसत होतं.

"त्याच्यात काही नाही," तू म्हणालीस.

मी वहीत एक्केचाळीस लिहून पुढे जागा सोडली. तुझ्या नियमात रिकामी जागा सोडता येत नाही, त्यावर आडवी रेघ मारावी लागते, म्हणजे मागून कोणी काही घुसडत नाही. तू पेन घेतलंस आणि रेघ मारलीस.

पावसाळा संपल्यावर मी एका दाखल्याच्या कामानं कोर्टात गेलो. शेडखालच्या टायपिस्टच्या पडद्यावर तीच हिंदी अक्षरं होती. मी सहज विषय काढला. तो म्हणाला, सर, फॉन्ट उड़ गया होगा, फ्लॉपी में दे देता हूँ. तोच माणूस होता, चार वर्षांपूर्वी तुला फ्लॉपी देणारा. त्यानं तुझी चौकशीही केली.

मी तरातरा घरी आलो. तुला सांगितलं की एकोणीस दिवस फुकट गेले, आपल्याला फक्त एक फ्लॉपी हवी होती.

तू तांदूळ निवडत होतीस. "हौ. माहीत हाय मले."

मी इतका चिडलो की माझी नागपूरची मराठी गळून पडली. "मग सांगितलं काहून नाही?"

तू सूप बाजूला ठेवलंस. "तुले वाचाले देलं असतं तर तू लाल पेन घेऊन बसला असता. ऐकाले बसवलं म्हणून ऐकलं तुवा."

 मी फ्लॉपी घालू का म्हणून विचारलं. तू म्हणालीस, राहू दे, मिलान झालं आहे. मग तू कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला लागलीस आणि मला रविवारव्यतिरिक्त बुधवारही मिळू लागला.

शेवटच्या आठवड्यात तुझं बोलणं गेलं होतं. दवाखान्यात तुझी बोटं चादरीवर हलत होती. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी होतं, त्याला अर्थ नसतो. असेल. मी दोन दिवस खुर्ची जवळ ओढून त्या बोटांकडे बघत बसलो. एकोणीस दिवस तुझ्याशेजारी बसून मला फक्त काही कळा ओळखता येत होत्या. डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट परत परत दाबलं जात होतं, आणि ते बोट एसवर असतं, एवढं मला माहीत आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं मला लागलं नाही. तू वाच म्हणाली असतीस तर मी वही आणली असती.

तर आता मंडळाची पुस्तिका. मी वही गोंदियाच्या प्रेसला पाठवली. आठ दिवसांत परत आली, बरोबर नम्र चिठ्ठी की मजकूर उत्तम असावा, पण अक्षर लागत नाही. जिला लागायचं तिचाच मजकूर होता, हे त्यांना कसं सांगणार. काल मी कोर्टासमोर गेलो, फॉन्टची फ्लॉपी आणली, आणि त्या हिरव्या टेकाडावर तुझी फाइल उघडली. चार मिनिटं लागली. सगळा ढीग एकदम मराठी झाला. एकसष्ट परिच्छेद, एकही चूक नाही, सगळीकडे मले, तुले, त्याले. पुस्तिका अशीच छापली जाईल. मंडळाच्या दोघांनी 'प्रमाणभाषेत करून घ्या' असं सुचवलं होतं. मी त्यांना नाही म्हणालो, आणि कशासाठी नाही ते अर्धा तास समजावलं. ते थकून हो म्हणाले. तुझ्या बाजूनं मी भांडलो, ताई, आणि जिंकलो. तू ते ऐकायला हवी होतीस, एवढंच राहिलं.

एक्केचाळीसावरची तुझी रेघ वहीत आहे, फाइलमध्ये नाही. मी वाचलं. जसं आहे तसं उतरवतो, मिलान करून:

"४१. हे की माह्या भावाचं अक्षर माह्याशिवाय कोणाले लागत नाही. हे की त्याच्या प्रबंधाच्या चौथ्या अध्यायात ते मलेही लागलं नाही. हे की त्याले विचारलं असतं, पण टायपिस्टनं वाचायचं नसतं असं त्यानं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. हे की ती सात पानं मी माह्या मनानं लिहिली. बैहरच्या जुन्या फायली माह्याच हातातून जात, मले माहीत होतं. हे की तो डॉक्टर झाला याचा मले अभिमान हाय. हे की ती पानं त्यानं नंतरही वाचली नाही, त्यावरून लेखकानंही वाचायचं नसतं असं दिसते. जे की सत्य हाय."

मी कपाटातून प्रबंध काढला. चौथा अध्याय, तोच 'मौलिक', पान एकशे बारा. दुसरा परिच्छेद 'यह कि' नं सुरू होतो.